पोच घेऊन उडवलेला ड्रोन

नेपाळ म्हणजे काही परदेश नव्हे, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. पासपोर्ट लागत नाही, व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्र दाखवलं की माणूस पलीकडे. आपली नोट चालते, आपली हिंदी चालते, महादेवही आपलाच. यवतमाळची माणसं पशुपतिनाथ करून येतात आणि आठवडाभर रुद्राक्ष वाटत फिरतात, पण ‘आम्ही फॉरेनला गेलतो’ असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. म्हणून बॅगेत ड्रोन ठेवताना माझा हात अडखळला नाही. ही सबब आधीच सांगून टाकते, कारण ती खोटी आहे. हात अडखळायला पाहिजे होता हे मला चांगलं ठाऊक होतं.

मी पंचायत समितीत चौतीस वर्षं नोकरी केली. आमच्या घरात आजोबांपासून कारकुनी. आमच्याकडचं रांगतं पोरही कागद फाडत नाही, असं आमचे हे म्हणतात. हे हायस्कुलात गणित शिकवायचे, आता निवृत्त आहेत. माझ्या नोकरीतली बहुतेक वर्षं आवक-जावकच्या टेबलावर गेली. लोकांचे अर्ज घ्यायचे, रजिस्टरला नोंदवायचे, दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का मारून सही करायची आणि ती प्रत अर्जदाराला परत द्यायची. हीच पोच. तुमचा अर्ज आम्हाला मिळाला, एवढाच तिचा अर्थ.

पण आपल्याकडे पोचीला एवढ्यावर कोणी थांबू देत नाही. पोच हातात आली की परवानगी आलीच, असं धरून लोक कामाला लागतात. ती प्लास्टिकमध्ये घालून खिशात ठेवतात आणि कोणी हटकलं की काढून दाखवतात. हटकणाऱ्यालाही पुष्कळदा तेवढंच पुरतं. मला पुरत नसे. उमरखेडला असताना एका माणसानं पिठाच्या गिरणीसाठी अर्ज दिला आणि पोच घेऊन चौथ्या दिवशी गिरणी सुरू केली. मी त्याला टेबलासमोर उभा केला आणि अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाले, “भाऊ, ही पोच आहे. परवानगी नाही. वाचता येते ना?” माझ्या टिपणीमुळे त्याची गिरणी सव्वा महिना बंद राहिली. गावातल्या बायका दळण घेऊन चार कोस जात होत्या. त्या दिवशी मी घरी येऊन हा किस्सा मोठ्या तोऱ्यात सांगितला होता. ऑफिसात मला ‘कडक बाई’ म्हणत, आणि मला ते आवडायचं.

निवृत्त झाले तेव्हा मुलानं ड्रोन आणून दिला. त्याच्या चुलतभावाच्या लग्नात मी अक्षता सोडून ड्रोन उडवणाऱ्याजवळच उभी होते, ते त्यानं पाहिलं होतं. ड्रोन घडी घातला की माझ्या तळहातावर मावायचा. सुरुवातीला हे हसले. “या वयात पतंग उडवून राह्यली काय?” म्हणाले. पण दुपारच्या वेळी शाळेच्या मैदानावर माझ्यासोबत छत्री धरून तेच उभे राहायचे. महिनाभरात मला हात बसला. इथली नोंदणी मी स्वतः केली, नंबर मिळाला तो पट्टीवर छापून ड्रोनच्या पोटाला चिकटवला. कुठं उडवायचं, कुठं नाही, याचा रंगीत नकाशा असतो, तो पाहिल्याशिवाय मी एकदाही बटण दाबलं नाही. आमच्या निवृत्त बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर आमच्या कॉलनीचा वरून काढलेला व्हिडिओ टाकला तर दिवसभर कौतुक चाललं. एकीनं लिहिलं, ‘मॅडम, आता हिमालय दाखवा.’ मी लिहिलं, ‘दाखवते.’

तो एक शब्द मला महागात पडला. मला नाही, दुसरीला पडला.

नेपाळचे नियम मी वाचले होते. नाही वाचले असं म्हणायची सोय नाही. तिथं ड्रोनची त्यांच्या विमान खात्याकडे नोंद लागते, त्यांच्या गृहखात्याची परवानगी लागते, जिथं उडवायचा त्या जिल्ह्याच्या प्रशासनाला विचारावं लागतं, आणि सीमेवर शिरताना ड्रोन दाखवून त्याची नोंद करावी लागते. भारतातला नंबर तिथं कामाचा नाही. मी ऑनलाइन अर्ज भरला. निघायला नऊ दिवस होते. दुसऱ्या दिवशी ई-मेल आला की अर्ज मिळाला, छाननी सुरू आहे, क्रमांक अमुक. सगळ्यात खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, परवानगीचं पत्र मिळेपर्यंत उड्डाण करू नये. मी शेवटची ओळ न वाचणारी बाई नव्हे. वाचली. मग बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले, त्या ई-मेलची रंगीत प्रत काढली आणि लॅमिनेशन करून घेतलं. क्रमांक ठळक होता, वर त्यांच्या सरकारचं चिन्ह होतं. दिसायला कागद एकदम अधिकृत झाला.

यांनी तो हातात घेऊन पाहिला. “हे तर पोच आहे ना?”

“मंग? अर्ज तर दिला ना आपण,” मी म्हणाले. “तिकडं कोण पाहून राह्यलं एवढं.”

चौतीस वर्षं हेच वाक्य मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं ऐकत आले होते.

वर्धेहून गोरखपूर, तिथून सोनौलीची सीमा. तिथल्या माणसानं माझी बॅग उघडायला लावली. वरच्या थरात शेवचिवड्याची पिशवी, खाली यांचा मफलर, त्याच्या आत ड्रोन. त्यानं चिवड्याकडे पाहिलं, माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि जा म्हणाला. सांगायची जागा तीच होती. मी चेन लावली आणि पुढे चालू लागले.

पोखऱ्याला आम्ही तळ्याजवळच्या एका लहानशा लॉजमध्ये उतरलो. पाच खोल्या, वर गच्ची, खाली स्वयंपाकघर. चालवणारी बाई पन्नाशीची, एकटी. नवरा वारल्यावर सासरच्यांशी भांडून तिनं ते लॉज आपल्या नावावर करून घेतलं होतं. पाहुणे ठेवायचा सरकारी दाखला काचेच्या चौकटीत घालून तिनं जिन्यापाशी देवाच्या फोटोशेजारी लावला होता. मी तिला दिदी म्हणायची, ती मला दिदी म्हणायची. पहिल्याच संध्याकाळी आम्ही दोघी चुलीशी बसलो आणि मी तिला आपल्याकडचं भरीत कसं करतात ते सांगितलं. वांगं भाजताना ती मला विचारत होती की तुमच्याकडे बाईच्या नावावर कागद लवकर होतात का. मी म्हटलं, माझ्यासारखी बाई टेबलावर असली तर होतात. ती हसली. मला फार बरं वाटलं होतं.

तिसऱ्या सकाळी आभाळ निवळलं. मी गच्चीवर ड्रोन मांडत होते, एवढ्यात ती चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

“दिदी, यहाँ मत उड़ाइए. सामनेवाले होटल में पिछले साल बहुत झंझट हुआ था. आपके पास अनुमति है?”

मी लॅमिनेशन केलेला कागद पुढे केला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, बराच वेळ पाहिला.

“मुझे अंग्रेज़ी कम आती है. आप तो सरकारी दफ़्तर में थीं, आप जानती होंगी. सब ठीक है ना?”

“सब ठीक है,” मी म्हणाले.

हे जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते. त्यांनी ऐकलं. काही बोलले नाहीत. ती तरीही म्हणाली, “फिर भी मत उड़ाइए, दिदी. हवाई जहाज़ इधर से ही जाते हैं.” मी म्हणाले, “दो मिनट. बस.” ती ट्रे कठड्यावर ठेवून खाली गेली.

व्हिडिओ कसा आला ते सांगत नाही. चांगला आला होता, एवढं म्हणते. बर्फाचा डोंगर, खाली तळं, तळ्यात डोंगर. दोन मिनिटांची अकरा मिनिटं झाली. मी ड्रोन खाली घेत होते तेव्हा एक लहान विमान बऱ्याच कमी उंचीवरून गेलं. ड्रोनपासून ते किती लांब होतं ते मला कळलं नाही, आणि तेच तर भयंकर होतं. त्यात बसलेली माणसं माझ्या ग्रुपवरच्या कौतुकासाठी माझ्यावर भरवसा ठेवून नव्हती बसली.

अर्ध्या तासात दोन पोलीस आले. सभ्य होते. खुर्ची मागितली नाही, चहा घेतला नाही. त्यातल्या वयस्क माणसानं माझा कागद वाचला, उलटून पाहिला आणि म्हणाला, “ये तो रसीद है, माताजी. अनुमति-पत्र कहाँ है?”

त्यानं कागद मला परत दिला.

“किससे पूछकर उड़ाया?”

तेव्हा माझ्या डोक्यात काय आलं ते मी लपवत नाही. माझी पेन्शनची फाइल अजून मंजूर व्हायची होती. चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला जोडायचा राहिला होता. परदेशात गुन्हा नोंदला गेला तर, हे एक. आणि दुसरं, त्याहून मोठं, की हे ऑफिसात कळलं तर कडक बाईनं पोच दाखवून ड्रोन उडवला म्हणून सगळे हसतील. लॉजवाली दिदी दारातच उभी होती, हाताला पीठ लागलेलं. मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी म्हणाले, “इनसे पूछा था. इन्होंने कहा, चलता है.”

मग ती म्हणाली, “हाँ. मैंने कहा था.”

एवढंच. आवाज चढवला नाही, माझ्याकडे बोट केलं नाही. पोलिसाचा आमच्याशी बोलण्याचा सूर तिथून मऊ झाला. आम्ही म्हातारे, पाहुणे, आम्हाला कोणीतरी चुकीचं सांगितलं. त्यानं माझा जबाब लिहून घेतला, मला वाचून दाखवला आणि मी त्याखाली सही केली. ड्रोन जप्त केला, ताकीद दिली. मग तो तिच्याकडे वळला, त्यांच्या भाषेत बराच वेळ कडक बोलला, आणि जाताना जिन्यापाशी थांबून चौकटीतल्या दाखल्याचा नंबर उतरवून घेतला. तिनं चौकट काढून त्याच्या हातात दिली, त्याला नीट दिसावं म्हणून.

आम्ही दुपारच्या बसनं निघालो. तिनं वाटेसाठी पराठे बांधून दिले. मी घेतले. कसे घेतले गेले माझ्या हातून, देव जाणे. पराठे नाकारले असते तर निदान तिला काहीतरी कळलं असतं, असं मला नंतर वाटायचं. पण तिला काय कळायचं राहिलं होतं?

बसमध्ये दोन तास हे खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, “काहून खोटं बोलली तू?”

“पेन्शनची फाइल अडकली असती.”

“अन् तिचं लॉज अडकलं तर?”

मी म्हणाले, “तुम्ही तरी कुठं बोलले? तुम्हीबी तर तिथंच होते.” भांडायला मला तेवढंच सापडलं. ते म्हणाले, “हो, मीबी तिथंच होतो. मलेबी लाज वाटून राह्यली.” आणि परत खिडकीकडे वळले. त्यांनी माझ्यावर चिडावं अशी माझी फार इच्छा होती. ते चिडले नाहीत.

ग्रुपवर मी लिहिलं की वाऱ्यानं ड्रोन तळ्यात पडला. बायकांनी हळहळ व्यक्त केली. एकीनं रडणारे चेहरे पाठवले. मी त्यांना हात जोडलेलं चित्र पाठवलं. पुढे कोणी ड्रोनची आठवण काढली की मी विषय बदलायची. दिदीचा नंबर माझ्याकडे होता. तिच्या दिवाळीच्या शुभेच्छा आल्या, मी अंगठा पाठवला. संक्रांतीला पेन्शन सुरू झाली. म्हणजे भीतीचं खरं कारण संपलं. तरी मी फोन केला नाही, आणि मग मला उमगलं की ते कारणच नव्हतं. खरी भीती नावाची होती. आपण जन्मभर जे मिरवलं ते खोटं निघेल, ही.

फोन मी होळीनंतर केला. चार दिवस वाक्यं जुळवत होते. आधी ख्यालीखुशाली, मग हळूच विषय काढायचा, असं ठरलं होतं. तिनं फोन उचलला तेव्हा मागे भांड्यांचा खूप आवाज येत होता.

“दिदी, लॉज में आज बहुत भीड़ लगती है,” मी म्हणाले.

“ये मेरा लॉज नहीं है. दूसरे के होटल की रसोई है.” तिनं सहज सांगितलं. तिचा दाखला चौकशी संपेपर्यंत थांबवला होता. पाहुणे ठेवायला बंदी. एक मोसम गेला होता, दुसराही चालला होता. सासरचे आता म्हणत होते की बाईला लॉज चालवणं जमत नाही, ते आमच्याकडे परत द्या. कार्यालयात तिला विचारलं होतं की तू परवानगी न पाहता का उडवू दिलंस, आणि ती काय सांगणार होती.

माझी जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठं गेली. मी रडायला लागले. मी म्हणाले, “दिदी, मैंने उस दिन झूठ बोला था. आपने तो मना किया था. मैंने झूठ बोला.” इतक्या महिन्यांनी ते तोंडातून निघालं आणि मला हलकं वाटलं. आता ती मला माफ करेल, किंवा शिव्या देईल, कसंही झालं तरी हे संपेल, असं मला वाटलं. आता लिहिताना त्या हलकेपणाची सगळ्यात जास्त लाज वाटते.

ती म्हणाली, “मुझे क्यों बता रही हैं, दिदी? मैं तो वहीं खड़ी थी.”

ती बोलतच राहिली.

“आपके हाथ काँप रहे थे. मैंने सोचा, अभी डरी हुई हैं. बाद में ख़ुद लिखकर दे देंगी. दफ़्तर में थीं ना आप.” मागून कोणीतरी तिला हाक मारली. “अभी भी दे सकती हैं,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

म्हणजे तिनं हो म्हटलं ते घाबरून नव्हतं, भोळेपणानंही नव्हतं. तिनं मला थोडा वेळ दिला होता. तिला वाटलं होतं की चौतीस वर्षं कागद हाताळलेली बाई संध्याकाळपर्यंत, फार तर गावी पोचेपर्यंत, एक पानभर खरं लिहील. आणि मी घरी येऊन तळ्यात पडलेल्या ड्रोनची गोष्ट लिहिली.

त्याच रात्री मी पोखऱ्याच्या पोलिसांच्या नावे अर्ज लिहायला बसले आणि एका बैठकीत लिहून काढला. विषय, संदर्भ, जबाबाचा क्रमांक, सगळं रीतसर. मी स्वतः ड्रोन उडवला. माझ्याकडे परवानगी नव्हती. सीमेवर मी तो लपवला. लॉजमालकिणीनं मला दोनदा मनाई केली होती. माझा जबाब खोटा आहे, तो रद्द धरावा आणि त्यांचा दाखला मोकळा करावा. सकाळी यांना वाचून दाखवला. ते खाली मान घालून ऐकत होते. म्हणाले, “मी ऐकलं होतं हेबी लिही. खाली साक्षीदार म्हणून माही सही घे.” आणि त्यांनी सही केली. चौकातल्या पोस्टापर्यंत चालत सात मिनिटं लागतात.

यांनी एकदाही विचारलं नाही, टाकला का म्हणून. मी दर दोन-तीन दिवसांनी पाकिटातून अर्ज काढते, पहिल्यापासून वाचते. त्यात एक शब्द बदलायची गरज नाही. फक्त तारीख जुनी झालेली असते. मग मी कोऱ्या कागदावर तोच अर्ज नव्यानं उतरवते, वर त्या दिवसाची तारीख घालते, आणि यांच्यापुढे सहीसाठी ठेवते. आज सकाळी त्यांनी सहाव्यांदा सही केली.